विद्यार्थी केंद्रस्थानी, पण कागदोपत्री

अभियांत्रिकी पदवीचे मोजमाप विद्यार्थ्यास अखेरीस काय करता येऊ लागले यावरून व्हावे, हे तत्त्व २०१४ साली अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेविषयीच्या वॉशिंग्टन कराराचे कायम सभासदत्व मिळविताना आपण रीतसर मान्य केले. परंतु त्या मान्यतेने महाविद्यालयांत सर्वांत आधी वाढली ती दप्तरे. प्रत्येक प्रश्नापुढे साध्याचा क्रमांक आणि तपासणी समिती येण्याच्या आदल्या रात्री रकाने जुळवीत बसलेले प्राध्यापक, असा हा विद्यार्थिकेंद्रित शिक्षणाचा अंमल असून वर्गात मात्र फळ्याच्या जागी पडदा आला, एवढेच.

संगणक शाखेची 'जर्नले' उघडून पाहावीत. उद्दिष्ट, सिद्धान्त, प्रोग्राम, आउटपुट, निष्कर्ष हा सारा मजकूर वरच्या वर्गातील कुणाच्या तरी वहीतून वंशपरंपरेने उतरलेला असल्यामुळे अख्ख्या बॅचचे प्रोग्राम बिनचूक चालतात आणि निष्कर्षही अक्षरशः एकच निघतो. ड्रॉइंगच्या तासाची हीच विद्या काचेखाली दिवा लावून शीट गिरविण्याची. तिला मुले 'जीटी' म्हणतात, आणि तीतले काहींचे हस्तलाघव खरोखर वाखाणण्याजोगे असते! मुलांना बोल लावणे व्यर्थ आहे. टर्मवर्कचे गुण नीटनेटकेपणाला आणि मुदतीत घेतलेल्या सहीला मिळत असतील, तर फसलेला प्रोग्राम रात्रभर दुरुस्त करीत बसणारा विद्यार्थी व्यवहारशून्यच ठरावयाचा.

हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडली होती; डेन्मार्कमधील ऑलबोर विद्यापीठ तर १९७४ मध्ये स्थापनेपासूनच प्रकल्पांच्या पायावर उभे राहिले. तेव्हा करून शिकण्याच्या कल्पनेचे दुर्भिक्ष नाही. 'स्वयंअध्ययन' म्हणून शिक्षकाने अंग काढून घ्यावे, असाही तिचा अर्थ नव्हे; चाचपडणाऱ्या विद्यार्थ्याशेजारी बसणे हे व्याख्यानापेक्षा कष्टाचे काम आहे, आणि ते तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे, हे संस्थाचालकांनी ध्यानात घ्यावे.

माझ्या मते आरंभ गुणपत्रकापासून व्हावा. प्रोग्राम कोठे अडला, कोणता तर्क चुकला आणि तो कसा सुधारला, या नोंदीला टर्मवर्कचे निम्मे गुण द्यावेत. ओरलला परीक्षकाने व्याख्या न विचारता विद्यार्थ्याच्याच प्रोग्राममधील एक ओळ बदलावी आणि आता काय होईल, एवढेच विचारावे. स्वायत्त महाविद्यालयांना आपल्या मूल्यमापनाची रीत ठरविण्याची मुभा आहेच. त्यांनी येत्या सत्रात एका विषयापुरता तरी हा बदल करून पाहावा.