मुक्या आगगाड्या

जुन्या वस्तूंचा संग्रह करणें हा कांहीं दोष नव्हे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. नाहीं तर आमचे कांहीं वाचक हा लेख अर्ध्यावरच टाकून आपल्या कपाटाला दुसरें कुलूप लावावयास धांवतील. आमची तक्रार संग्रहाविषयीं नाहीं. संग्राहकांनीं अलीकडे जें एक सोवळें माजविलें आहे, त्याविषयीं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जपानांत पत्र्याच्या ज्या खेळण्यांतल्या आगगाड्या झाल्या, ज्या धांवतां धांवतां शिटी फुंकतात, घंटा वाजवितात आणि खडखडाट करितात, त्यांस आज देशोदेशीं गिऱ्हाईक आहे. ह्या गिऱ्हाइकांचा पहिला दंडक असा कीं, गाडी कधीं चाललेली नसावी. खोकें कोरें असावें, रंग कोरा असावा, आणि शिटी तर कोणाच्या कानींच पडलेली नसावी!

आमचे एक स्नेही नोकरीनिमित्त कांहीं वर्षें कोबेस राहून आले. त्यांच्या दिवाणखान्यांत कांचेच्या कपाटांत अशा चौदा गाड्या ओळीनें उभ्या आहेत. आम्ही सहज म्हटलें, “अप्पासाहेब, एखादी वाजवून तरी दाखवा.” त्यांनीं आमच्याकडे असें पाहिलें कीं, जणूं आम्हीं देव्हाऱ्यांतल्या शाळिग्रामानें सुपारी फोडावयास सांगितलें. “अहो, वाजविली कीं तिची किंमत गेली!” हें त्यांचें उत्तर. ज्या वस्तूचा जन्म वाजण्यासाठीं झाला, ती वाजल्यानें तिची किंमत जाते, हें अर्थशास्त्र आम्हांस उलगडेना.

वास्तविक ह्या गाड्यांत पाहण्यासारखें जें आहे त्याहून अधिक ऐकण्यासारखें आहे. १७२४ साली स्थापन झालेल्या मसुदाया ह्या जुन्या पेढीनें ‘मॉडर्न टॉईज’ ह्या छापाखालीं ‘सिल्व्हर माउंटन’, ‘वेस्टर्न स्पेशल’ अशीं इंजिनें काढलीं. असल्या इंजिनाला रूळ लागत नाहीं. पोटाखालीं एक फिरती चकती असते व चालतीं चाकें तिच्यावर बसविलेलीं असतात. इंजिन भिंतीवर आपटलें कीं चकती वळते आणि तें दुसरीच वाट धरतें. आवाजाची योजना याहून मौजेची. कित्येक गाड्यांत मोटरीच्या दंतचक्रावरून एक दांडी हलते, ती बोटभर भाता दाबते आणि भात्यांतला वारा शिटीच्या फटींतून बाहेर पडतो. घंटेवर दुसऱ्या चाकाचा दांता टोला देतो. म्हणजे आमच्या घरोघरच्या बाजाच्या पेटीचें हें चिमुकलें भावंडच होय! आणि न वाजविलेल्या पेटीचें काय होतें, हें मराठी माणसाला सांगावयास नको. भात्याच्या घड्या चिरतात, आंत कसर शिरते, आणि दहा वर्षांनीं झांकण उघडावें तों पेटी नुसती धापा टाकते.

हा आवाज फुकट मिळालेला नाहीं. १९३८ साली जपानांत युद्धासाठीं धातु राखावयाचा म्हणून धातूच्या खेळण्यांवर बंदी आली. युद्ध संपलें, देश बेचिराख झाला, आणि १९४५ च्या डिसेंबरांत ओत्सु येथें कोसुगे मात्सुझो ह्या कारागिरानें अमेरिकन लष्करानें टाकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्यापासून लहानशी जीप केली. क्योतोच्या दुकानांत ती दहा येनांना विकली गेली. ज्यांनीं देश जिंकला त्यांच्याच डब्यांतून त्यांचीच गाडी! पुढें १९४७ पासून १९५२ पर्यंत परदेशीं जाणाऱ्या मालावर ‘व्याप्त जपानांत बनविलेलें’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का उमटत राहिला. त्या इंजिनांची घंटादेखील बव्हंशीं अमेरिकन रेल्वेची घंटा आहे, कारण ती अमेरिकेंतल्या मुलांच्या कानांसाठीं होती. हा सारा इतिहास त्या आवाजांत आहे. खोक्याच्या कोरेपणांत त्यांतला कितीसा आहे?

यावर संग्राहक म्हणतात, चालविल्यानें झीज होते. होते, आम्हीं नाकबूल करीत नाहीं. पण न चालविल्यानें होत नाहीं काय? वंगण डिंकासारखें घट्ट होतें, रबर कडक होऊन तडकतें, आणि विसरलेला सेल आंतल्या आंत पाझरून पत्रा खातो. फरक इतकाच कीं, ही झीज कांचेतून दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. भाता बदलला कीं वस्तु बाटली, असें ही मंडळी मानतात. त्यांनीं जपानचाच दाखला पाहावा. तिकडे ह्या विषयांत दोन निरनिराळे शब्द आहेत: ‘सेइताइ होझोन’ म्हणजे स्थिर ठेवून जतन करणें, आणि ‘दोताइ होझोन’ म्हणजे चालतें ठेवून जतन करणें. १९७२ साली क्योतोंतल्या उमेकोजी येथील १९१४ च्या इंजिनघरांत वाफेच्या इंजिनांचें संग्रहालय उघडलें, तें ह्या दुसऱ्या तत्त्वावर. १९७५ अखेर राष्ट्रीय रेल्वेवरच्या वाफेच्या गाड्या संपल्या, आणि पुढल्याच वर्षीं ओइगावा रेल्वेनें जुनीं इंजिनें पुन्हा रुळांवर आणलीं. १९९६ मध्यें जपान सरकारनें जतन करण्याजोग्या शंभर आवाजांची यादी केली, तींत ह्या ओइगावाच्या इंजिनाचा आवाज आहे. असलीं इंजिनें चालतीं ठेवावयाचीं म्हणजे बाष्पकाच्या नळ्या बदलाव्याच लागतात. त्यामुळें इंजिन बाटलें असें तेथें कोणी म्हणत नाहीं. आपण तरी तंबोऱ्याची तार तुटली म्हणून तुटक्या तारेची पूजा करितों काय?

एखादी गाडी जगांत एकुलती एक उरली असेल, तर तिला विश्रांति द्यावी. तेवढी सवड आम्ही आनंदानें देतों. पण हजारांनीं निघालेल्या गाड्यांना एकुलतेपणाचें सोंग कां द्यावें? काढलेला जुना भाता पुडींत बांधून, तारीख घालून, गाडीशेजारीं ठेवला म्हणजे अभ्यासकाचेंही समाधान होईल.

अप्पासाहेबांशीं हा वाद तीन रविवार चालला. चौथ्या रविवारीं त्यांनीं, खोकें फाटकें असलेली म्हणून, एक गाडी खालीं काढली. सेल घालतांच चाकें फिरलीं, दिवा लागला, घंटाही वाजली. शिटी मात्र नाहीं. भाता चिकटून बसला होता. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे ती घेऊन आमच्या ओळखीच्या पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलों. त्यानें ती कानापाशीं धरून हलविली, पोट उघडलें, आणि शिटी शाबूत आहे, एवढें नाजूक कातडें मिळालें कीं बसवितों, असें सांगितलें. गाडी अजून त्याच्याकडेच आहे. अप्पासाहेब दर दोन दिवसांनीं तेथें चौकशीला जातात.