बाळंतिणीचा पाय आणि तेलाची वाटी

वालचंदनगरास आमचे पुतणे राहतात. बारशाच्या आदल्या दिवशीं आम्ही तेथें गेलों, तों सूनबाईंची डावी पोटरी सुजलेली, ऊन लागणारी व ठणकणारी; उजवी मात्र पूर्ववत्. "पडून राहिल्यानें आंखडली असेल, तेल लावून चोळा," असें आम्हीच सांगितलें. वहिनी तेलाची वाटी घेऊन बसल्याही, पण पुतणे म्हणाले, "काका, आधीं डॉक्टरांस विचारूं." बारामतीस सोनोग्राफी झाली, तेव्हां मांडीच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी आढळली. बारसें लांबणीवर पडलें.

नीरा डाव्या कालव्याचें पाणी वाहतें तोंवर ठीक; थबकलें कीं गाळ बसतो. शिरेंतील रक्ताचेंही तसेंच आहे. मंदावलेला प्रवाह, शिरेच्या आवरणास इजा व गोठण्याकडे वाढलेला कल, हीं गुठळीचीं तीन कारणें होत. गर्भारपणीं व बाळंतपणानंतर सुमारें ६ आठवडे हा कल वाढलेलाच असतो. त्यांत दिवसभर अंथरुणावर पडून राहण्याची भर पडते. म्हणून डॉक्टरांची संमति असल्यास बाळंतिणीनें घरांत हिंडावें-फिरावें.

गुठळीचा तुकडा सुटला तर तो हृदयांतून फुप्फुसांत जाऊन अडकतो. चोळण्याचें भय तें हेंच. एकाएकीं धाप, छातींत कळ, खोकल्यांत रक्त असें दिसतांच क्षणाचाही विलंब न लावितां रुग्णालय गांठावें.

यावर हेपॅरिनचीं इंजेक्शनें वा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात. त्या गुठळी विरघळवीत नाहींत, वाढूं देत नाहींत. विरघळविण्याचें काम शरीर सावकाश करितें. म्हणून सूज ओसरली तरी औषध बहुधा निदान ३ महिने चालतें. तें आपल्या मतानें थांबवूं नये. यांपैकीं वॉरफरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें व १९५४ पासून मनुष्यांस देण्यांत येऊं लागलें, हें ऐकून वहिनी दचकल्या! परंतु मात्रेनेंच विषाचें औषध होतें. म्हणूनच वेळच्या वेळीं रक्त तपासावें, पालेभाजीचें प्रमाण एकाएकीं बदलूं नये, आणि वेदनाशामक गोळी वा काढा डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नये. कोठूनही रक्तस्राव होऊं लागल्यास त्यांस तत्काळ कळवावें.

बारसें पुढें यथासांग झालें. एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांचा शब्द सहसा मोडीत नाहींत. म्हणूनच आम्हां वडीलधाऱ्यांनीं तो जपून उच्चारावा. एकाच पायास सूज दिसली, तर तेलाची वाटी फडताळांतच राहूं द्यावी, इतकेंच आमचें सांगणें.