खिडकी, सफरचंद आणि पेंग्विन

मराठी माणसाला दोन गोष्टी दाखवा, तो आधी पक्ष निवडतो आणि मग गोष्ट बघतो. हापूस की पायरी, चहा की कॉफी, लता की आशा. आता ही थोर परंपरा संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत येऊन पोचली आहे. हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा जिलबी येईपर्यंत विंडोजवाले, मॅकवाले आणि लिनक्सवाले हमरीतुमरीवर येतात. मठ्ठा आला की तात्पुरता युद्धविराम.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे ऑफिसातला हेडक्लार्क. साहेब हुकूम सोडतात, शिपाई कागद हलवतो, पण कुठला कागद कुठल्या कपाटात हे फक्त हेडक्लार्कला माहीत. तो चांगला असला तर दिसत नाही, वाईट असला तर दुसरं काही दिसत नाही.

आता तीन पंथांकडे वळू. मॅकवाला भांडत नाही, तो फक्त कीव करतो. त्याचा हेडक्लार्क अ‍ॅपलच्याच इमारतीत नोकरी करतो, दुसरीकडे बदली मागत नाही. म्हणजे कारकून हवा तर आधी इमारत विकत घ्या! ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी, गोष्ट सुरेख आहे. लिनक्सवाला मात्र तुम्ही ‘प्रिंटर चालत नाही’ म्हटलंत की १९९१ सालापासून सुरुवात करतो. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे कसं लिहिलं, मग जगभरच्या लोकांनी त्यात भर कशी घातली, जगातले पहिले पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच कसे चालतात... सगळं खरं. प्रिंटर तेवढा तसाच. आणि विंडोजवाला? त्याने काहीच निवडलेलं नसतं. दुकानदाराने दिलं ते त्याने घेतलं, आणि आता तो त्याला ‘माझं मत’ म्हणतो.

या तिघांचा मला राग नाही. राग आहे तो चौथ्याचा. ‘जुना झाला ना? फेकून द्या, नवा घ्या!’ असं सांगणाऱ्याचा.

झालं असं की, विंडोज १० हे २०१५ साली आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सेवानिवृत्त झालं. हवी त्याला सुरक्षेपुरती वर्षभराची मुदतवाढ मिळेल असं जाहीर झालं, बस्स. दहा वर्षांची नोकरी आणि एका वर्षाचं एक्स्टेन्शन. आमच्या युनियनने हे चालू दिलं नसतं. २०२१ साली आलेलं विंडोज ११ टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मागतं, शिवाय प्रोसेसरही यादीतलाच लागतो. म्हणजे २०१६ साली घेतलेला, एकही दिवस रजा न घेतलेला संगणक सरळ नियमाने अपात्र.

मी कॉमर्सचा माणूस. २०१७ साली आयकराच्या हिशेबात संगणकाचा घसारा ६० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. त्या दराने चाळीस हजारांचा संगणक नऊ वर्षं घासला तरी वहीत ४०३ रुपये उरतातच! जे यंत्र आयकराला शून्य करता येत नाही, ते भंगारात काढायला हा चौथा निघालाय!

जुनं विंडोज बंद पडत नाही, हेही खरं. फक्त त्याचा रात्रीचा वॉचमन काढून घेतलाय. नवी भोकं सापडतील ती बुजवणार कोण? काउंटरवर पासबुक भरून घ्यायला येणारे पेन्शनर मला विचारतात, ‘अहो, चालतंय की अजून!’ चालतंय आजोबा, पण आयुष्यभराची पुंजी ज्या घरात आहे त्याचं दार उघडं टाकून आपण देवदर्शनाला जात नाही. त्यावर नेटबँकिंग नको.

मग काय करायचं? मान खाली घालून एका कागदावर लिहायचं, की मी संगणकावर नेमकं करतो काय? माझी खात्री आहे, दहातल्या आठांचा कागद चार ओळींत संपेल. ब्राउझर, ईमेल, नातवंडांचे फोटो, सोसायटीच्या मीटिंगचं पत्र. याला लिनक्स मिंट पुरतं, लिब्रेऑफिस पुरतं, आणि दोन्ही फुकट आहेत. चार जीबी मेमरीत ते सुखाने नांदतं. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, संगणकातलं काही न पुसता. वायफाय लागतं का, प्रिंटर बोलतो का, हे तेव्हाच कळतं. मुलगी पाहायला जाण्याइतकंही बंधन नाही. कांदेपोहे खा आणि उठा. मात्र पसंती कळवण्याआधी फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवा, नाहीतर शिव्या मला बसतील.

पण कागदावर ‘टॅली’ लिहिलं असेल तर पेंग्विन पाळू नका. टॅली विंडोजवरची आहे. सही करायचा डिजिटल डोंगल असेल, जुन्या मराठी टायपिंगच्या पॅकेजमध्ये पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक अडकलेले असतील, तर गुपचूप विंडोज ११ चा नवा संगणक घ्या. पोटापाण्याच्या गोष्टीत तत्त्वज्ञान आणू नये. मराठी लिहायला इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे आहे, त्यामुळे भाषेचं निमित्त मात्र कुणी सांगू नका.

‘या वयात नवीन कुठे शिकू?’ हा शेवटचा आक्षेप. खातेवह्यांवर जन्म काढलेल्यांनी चष्मा पुसत पुसत कोअर बँकिंग शिकलेलं मी समोर बसून पाहिलंय. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत. आणि ‘लिनक्स म्हणजे काहीतरी अवघड’ असं जो ठासून सांगतो, त्याच्या शर्टाच्या खिशात बहुधा अँड्रॉइड फोन वाजत असतो. त्याच्या पोटात लिनक्सच आहे. सकाळी उठल्यापासून तो त्यावर सुप्रभातचे फुलांचे फोटो पाठवतोय, तेव्हा नाही कुठे अवघड वाटलं!