दयेचे वाटप

२१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील अपिलांचा निकाल दिला आणि चित्रपट अभिनेते संजय दत्त यांना शस्त्र कायद्याखाली झालेली शिक्षा कायम केली. विशेष टाडा न्यायालयाने २००७ साली सहा वर्षांची सक्तमजुरी फर्मावली होती, ती पाच वर्षांवर आली. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगण्याच्या गुन्ह्याला त्या वेळच्या कायद्यात किमान शिक्षाच पाच वर्षांची होती. म्हणजे कायद्याच्या चौकटीत जेवढी सौम्यता शक्य होती तेवढी न्यायालयाने दाखवली. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे मेली आणि सातशेहून अधिक जखमी झाली. विशेष न्यायालयाने शंभर आरोपींना दोषी ठरवले. इतक्या मोठ्या प्रकरणाचा अंतिम निवाडा होत असताना देशातील चर्चा मात्र जवळजवळ एकाच नावाभोवती फिरत राहिली. संजूबाबा पुन्हा तुरुंगात जाणार का?

नुसती चर्चा झाली असती तरी हरकत नव्हती. लोकांना ज्याचा चेहरा ठाऊक असतो त्याच्याविषयी ते बोलणारच. पण चार-आठ दिवसांतच या चर्चेचे मागणीत रूपांतर झाले. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी घटनेच्या १६१ व्या कलमाखाली माफी द्यावी, असे महाराष्ट्राच्या राज्यपालांना लिहिले. अमरसिंह आणि जयाप्रदा राजभवनावर जाऊन आले. चित्रपटसृष्टीतील लहानथोर माणसे गहिवरून बोलू लागली. या सगळ्यांत शहाणपणाने वागला तो खुद्द आरोपीच. आपण माफीचा अर्ज केलेला नाही, दिलेल्या मुदतीत शरण जाऊ, असे संजय दत्त यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस डोळ्यांत पाणी आणून सांगितले. पुढे फेरविचार याचिका केली गेली व ती फेटाळली गेली. तो त्यांचा कायदेशीर अधिकारच होता.

माफीच्या बाजूने जे युक्तिवाद झाले ते तपासून पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांतील बहुतेक खरे होते. खटला वीस वर्षे चालला, आणि वीस वर्षे टांगत्या तलवारीखाली जगणे हीच एक शिक्षा आहे. आरोपीने अठरा महिने तुरुंगात आधीच काढले होते. दंगलीच्या दिवसांत कुटुंबाच्या जिवाला धोका वाटला म्हणून त्याने शस्त्र घेतले, असे त्याच्या बाजूने सांगितले गेले. तो बदलला, संसारी झाला, त्याला लहान मुले आहेत. शिक्षेचा हेतू सुधारणा हा मानला, तर या प्रत्येक मुद्द्याला वजन आहे आणि कोणत्याही सुसंस्कृत दंडव्यवस्थेने त्यांचा विचार केला पाहिजे. वाचकांच्या लक्षात आले असेल की यांतील एकाही मुद्द्यात चित्रपटाचा संबंध नाही. वीस वर्षांची टांगती तलवार खटल्यातील सर्वच आरोपींच्या डोक्यावर होती. कच्चे कैदी म्हणून दत्त यांच्याहून कितीतरी अधिक काळ आत राहिलेले लोक त्याच खटल्यात होते. मुलेबाळे त्यांनाही होती. तरीही हे मुद्दे एका माणसाच्या खासगी मालमत्तेसारखे मांडले गेले.

याच खटल्यात सत्तरीच्या घरातील एक वृद्धा होती. घरात शस्त्रांची पिशवी ठेवून घेतल्याचा तिच्यावर आरोप होता. तिला टाडाखाली दोषी धरून पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दत्त यांच्याकडे एके-५६ रायफल आणि नऊ मिलिमीटरचे पिस्तूल होते. टाडाच्या आरोपांतून मात्र ते २००६ साली मुक्त झाले आणि त्या मुक्ततेविरुद्ध सीबीआयने अपील केले नाही. या वृद्धेच्या मुलीने विचारले की दयेचा अर्ज एकासाठीच का? तेव्हा कोठे काटजूंनी तिच्यासाठीही रदबदली करण्याचे जाहीर केले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण त्या अर्जांचा क्रम बोलका होता. शरण येण्यासाठी मुदतवाढ मागण्याच्या बाबतीतही असेच घडले. दत्त यांच्या वतीने, अपुऱ्या चित्रपटांत निर्मात्यांचे कोट्यवधी रुपये अडकले आहेत, असे न्यायालयापुढे मांडण्यात आले आणि मानवतेच्या दृष्टीने चार आठवडे मिळाले. आदल्याच दिवशी या वृद्धेसह काही दोषींचे तसेच अर्ज नामंजूर झाले होते. दत्त यांना मुदत मिळाल्यावर मग इतरांनाही ती मिळाली. ज्याच्या शरीरावर भांडवल गुंतलेले आहे त्याच्यासाठी दार उघडते आणि उघडलेच आहे म्हणून मागचे चार जण आत शिरतात. अर्थशास्त्रात श्रीमंतांची समृद्धी झिरपत झिरपत खाली जाते असा एक सिद्धांत सांगतात. दयाही तशीच झिरपावी अशी व्यवस्था आपण नकळत मान्य केलेली दिसते.

दत्त यांनी पडद्यावर गांधीजींच्या विचारांना उजाळा दिला, हाही एक मुद्दा माफीसाठी पुढे आला होता. ‘लगे रहो मुन्नाभाई’ सप्टेंबर २००६ मध्ये आला आणि नोव्हेंबरमध्ये टाडा न्यायालयाने त्याच्या नायकाला दोषी ठरवले. चित्रपट चांगला होता. अनेक तरुणांना गांधी हे नाव त्यामुळे नोटेबाहेर भेटले, याबद्दल लेखक-दिग्दर्शकांचे ऋण मानावे. परंतु १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोर उभे राहून गांधीजींनी आरोप मान्य केला होता आणि कायद्यातील कठोरात कठोर शिक्षा मागितली होती. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगण्यास त्यांना येरवड्यातच ठेवण्यात आले. राजद्रोहाचा तो खटला आणि रायफलीचा हा खटला यांची तुलना करण्याचा प्रश्नच नाही. मात्र गांधींचे नाव शिक्षा चुकवण्यासाठी वापरायचे असेल तर निदान हा प्रसंग वाचून तरी वापरावे.

दुसरी बाजूही निर्मळ नव्हती. दत्त यांना फासावर लटकवा म्हणून ओरडणाऱ्यांत स्फोटातील मृतांच्या आप्तांचा आक्रोश होता, तो समजण्यासारखा आहे. पण त्यात सुनील दत्त यांनी दंगलीत मुसलमानांना मदत केली याचा राग धरणारेही मिसळले होते. गंमत अशी की शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी पुढे दत्त कुटुंबाची बाजू घेतली आणि १९९५ साली जामिनावर सुटल्यानंतर संजय दत्त ‘मातोश्री’वर गेले. देशद्रोही कोण हे ठरवण्याचा मक्ता ज्यांनी घेतला आहे त्यांचे प्रमाणपत्र असे बदलू शकते.

आणि मुळात ज्या दंगलीच्या भीतीने रायफल घेतल्याचे सांगितले गेले, त्या दंगलीचे काय झाले? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली अहवाल दिला, पोलिसांची आणि पुढाऱ्यांची नावे घेतली. स्फोटांसाठी विशेष न्यायालय झाले आणि शंभर जण दोषी ठरले, हे योग्यच झाले. दंगलीसाठी मात्र तशी तत्परता कोणत्याही सरकारने दाखवली नाही, मग ते युतीचे असो की काँग्रेसचे. जानेवारी १९९३ मध्ये शिवसेनेचे तेव्हाचे आमदार मधुकर सरपोतदार यांच्या वाहनात लष्कराला शस्त्रे सापडल्याची नोंद याच अहवालात आहे. त्यांना टाडा लागला नाही. १९९६ आणि १९९८ मध्ये ते वायव्य मुंबईतून, म्हणजे सुनील दत्त यांच्याच मतदारसंघातून, लोकसभेवर निवडून गेले. २००८ साली प्रक्षोभक भाषणाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली तेव्हा तत्काळ जामीन मिळाला. नटाच्या तुरुंगवासावर महिनोन्महिने रकाने भरणाऱ्या वृत्तपत्रांना या सरळ तुलनेसाठी फारशी जागा सापडली नाही.

नागपूरकरांना या खटल्याचा दुसरा शेवट घराजवळ पाहावा लागला. रामदासपेठेतून वर्धा रोडला लागून दक्षिणेकडे गेले की थोड्याच अंतरावर मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. तिच्या आत ३० जुलै २०१५ रोजी सकाळी याकूब मेमनला फाशी देण्यात आली. आदल्या रात्री सर्वोच्च न्यायालय पहाटेपर्यंत बसले होते. त्याचा गुन्हा न्यायालयाने कटात सहभागाचा ठरवला होता आणि दत्त यांच्या गुन्ह्याशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. बरोबरी करायची आहे ती दया मागणाऱ्यांना मिळालेल्या वागणुकीची. २०१३ मध्ये एका दोषीसाठी राज्यपालांकडे गेलेले लोक कनवाळू ठरले. २०१५ मध्ये त्याच खटल्यातील दुसऱ्या दोषीची फाशी रद्द व्हावी म्हणून राष्ट्रपतींकडे निवेदन देणारे निवृत्त न्यायाधीश, खासदार व लेखक-कलावंत देशद्रोही ठरले. त्यांनी आरोपी निर्दोष आहे असे म्हटले नव्हते, एवढेच म्हटले होते की जीव घेऊ नका. फाशीला तत्त्व म्हणून विरोध करणारी माणसे या देशात गांधींच्या काळापासून आहेत. त्यांनी आपले तत्त्व कोणत्या कैद्यासाठी उच्चारावे आणि कोणासाठी गिळावे, हे आता प्रेक्षकांच्या टाळ्यांवर ठरावे काय?

विदर्भाला टाडाची ओळख संजय दत्त यांच्यामुळे झाली नाही. गडचिरोलीच्या जंगलातील आदिवासींवरही हा कायदा लावला गेला. १९९५ मध्ये तो संपुष्टात येईपर्यंत देशभरात पंचाहत्तर हजारांहून अधिक माणसे त्याखाली पकडली गेली आणि दोषी ठरलेल्यांचे प्रमाण नगण्य राहिले. हा कायदा रानटी आहे, असे नागरी स्वातंत्र्याचे कार्यकर्ते पोटतिडिकीने सांगत होते, पण मध्यमवर्गाला ते ऐकू आले नाही. एक देखणा, ओळखीचा मुलगा त्या जाळ्यात सापडला तेव्हा थोडेफार ऐकू आले. आजही भारतातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी जवळजवळ तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप कोणी सिद्ध केलेला नाही असे. जामिनाची रक्कम भरता न आल्यामुळे आत राहिलेले त्यांच्यात कितीतरी आहेत.

कलावंत म्हणून काही वेगळी सवलत असावी काय, असाही प्रश्न विचारला जातो आणि तो केवळ आपल्याकडेच विचारला जातो असे नाही. दिग्दर्शक रोमन पोलान्स्की यांनी १९७७ साली अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलीसंबंधीचा गुन्हा कबूल केला आणि शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी १९७८ मध्ये ते देश सोडून गेले. २००९ मध्ये झुरिकला त्यांना अटक झाली, तेव्हा शंभरावर चित्रपटकर्मींनी निषेधपत्रकावर सह्या केल्या. एरवी मानवी हक्कांविषयी जागरूक असलेली ही मंडळी होती. त्यांच्या चित्रपटांची थोरवी त्या मुलीच्या यातनेतून वजा कशी करायची, हे गणित कोणी मांडून दाखवले नाही. चित्रपट चांगला असेल तर तो पाहावा, त्याच्या कर्त्याला पारितोषिकही द्यावे. न्यायालयाच्या हिशेबवहीत त्याची जमा धरण्याचे कारण नाही. एखाद्या उत्तम गवंड्याने गुन्हा केला तर त्याने बांधलेल्या घरांची यादी न्यायाधीशापुढे कोणी ठेवत नाही.

१६ मे २०१३ रोजी दत्त शरण आले. पहिल्या वर्षभरातच संचित रजा, अभिवचन रजा आणि त्यांच्या मुदतवाढी मिळून ते ११८ दिवस तुरुंगाबाहेर होते. राज्यपालांनी माफीचा अर्ज सप्टेंबर २०१५ मध्ये फेटाळला, परंतु चांगल्या वर्तणुकीच्या सवलतीने सुमारे आठ महिने आधी, २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांची सुटका झाली. या सवलतींत काही बेकायदा झाल्याचे आढळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आणि ते मान्य करावे लागेल. रजा हा कैद्याचा ऐषाराम नव्हे. घराशी धागा तुटू नये म्हणून कारागृहाच्या नियमांतच तिची तरतूद आहे. दत्त यांना ती मिळाली याबद्दल तक्रार नाही. आजारी आईसाठी, बहिणीच्या लग्नासाठी अर्ज करून पोलिसांच्या अहवालाची वाट पाहत बसलेल्या कैद्याला ती त्याच वेगाने का मिळत नाही, एवढेच सरकारला विचारायचे आहे. २०१८ सालीच दत्त यांच्या आयुष्यावर चित्रपट आला, त्याने तीनशे कोटींहून अधिक रुपये मिळवले आणि सगळे खापर वृत्तपत्रांच्या डोक्यावर फोडले. बाजाराने पश्चात्तापाचाही माल करून विकला.

या मुदतपूर्व सुटकेकडे सर्वांत गंभीरपणे पाहिले ते एका कैद्याने. राजीव गांधी हत्या खटल्यात जन्मठेप भोगणाऱ्या ए. जी. पेरारिवलन याने तमिळनाडूच्या तुरुंगातून माहितीच्या अधिकाराखाली येरवडा कारागृहाला अर्ज पाठवला. संजय दत्त यांना कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या प्रक्रियेने आधी सोडले, हे त्याला हवे होते, कारण तोच नियम त्याला स्वतःच्या सुटकेसाठी दाखवायचा होता. पुरेशी माहिती मिळाली नाही, तेव्हा २०२० मध्ये तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली ती वेगळ्या कारणाने आणि एकतीस वर्षांच्या कैदेनंतर. ‘कोणत्या नियमाने?’ हा त्याचा प्रश्न राज्यातील प्रत्येक कारागृहाच्या कार्यालयाबाहेर लावावा. संचित रजा, अभिवचन रजा आणि शिक्षेतील सूट यांचे अर्ज किती आले, किती दिवसांत निकालात निघाले, मंजूर कोणाचे झाले व नामंजूर का झाले, याचा तक्ता महाराष्ट्र सरकारने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा.