गोळीवरची रेघ आणि कंपनीचं मौन

‘अर्धी सकाळी, अर्धी रात्री’ असं डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, मेडिकलवाला तेच पाकिटावर पेनानं गिरवतो आणि पुढचं सगळं घरावर सोपवलं जातं. घरात कुणी अडकित्ता काढतं, कुणी कांदा चिरायची सुरी, तर कुणी गोळी सरळ दाढेखाली धरतं. गोळी फुटते, पण मधोमध फुटेलच असं नाही. मोठा तुकडा सकाळी पोटात जातो, लहान रात्री, आणि भुगा ओट्यावरून पुसला जातो.

गोळी मोडणं मुळात गैर नाही. स्टेरॉईडची मात्रा उतरवत आणताना प्रेडनिसोलोनची अर्धी, मग पाव गोळी द्यावी लागते. वयस्कर माणसाला रक्तदाबाचं औषध थोड्या मात्रेनं सुरू करतात. शिवाय पैशांचा हिशेब आहेच. २० मिलिग्रॅमच्या गोळीला १० मिलिग्रॅमच्या दुप्पट पैसे पडतातच असं नाही, म्हणून जास्त ताकदीची गोळी आणून तिचे दोन भाग करणारी घरं पुष्कळ आहेत. हा काही गरिबांचाच उद्योग नव्हे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेनं कोलेस्टेरॉलवरच्या सिमव्हास्टॅटिनच्या गोळ्या अर्ध्या करून देण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला. त्यातून खर्च वाचला आणि रुग्णांच्या कोलेस्टेरॉलवर वाईट परिणामही दिसला नाही.

अडचण आहे ती कोणती गोळी मोडायची आणि कोणती नाही, हे ठरवण्याची. ज्या कंपनीनं गोळी घडवली तिला हे सगळ्यांत पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडे पट्टीवर मात्र त्याबद्दल सहसा अवाक्षर नसतं. काही गोळ्यांवर ‘चावू नये, कुटू नये’ अशी ओळ असते, तीही बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत.

हातानं किंवा सुरीनं केलेले अर्धे भाग किती ‘अर्धे’ असतात, हे बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच जणांना आठ प्रकारच्या गोळ्या कापायला दिल्या होत्या. गोळी कापायचं खास साधन, स्वयंपाकघरातली सुरी, आणि कात्री किंवा नुसते हात अशा तीन पद्धती वापरल्या. ३१ टक्के तुकडे अपेक्षित वजनापासून १५ टक्क्यांहून जास्त ढळले होते आणि १४ टक्के तुकडे तर २५ टक्क्यांहून जास्त. खास साधन वापरल्यावर चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत. आपल्याकडचा अडकित्ता त्या परीक्षेला बसलेला नाही, पण निकालाचा अंदाज करता येतो.

एवढा फरक काही औषधांत सहज पचतो. कोलेस्टेरॉलवरचं ॲटोरव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतं. थायरॉईडच्या लिव्हॉथायरॉक्सिनला रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो. एकाच गोळीचे दोन्ही तुकडे लागोपाठ घेतले, तर आज जास्त गेलेलं उद्या कमी जातं आणि हिशेब जुळतो. अर्थात, भुगा फार सांडला नाही तर.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत अशी सवलत नाही. हृदयाची झडप बदललेले हजारो रुग्ण वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल घेतात आणि ‘आयएनआर’ या रक्ततपासणीवर त्यांची मात्रा ठरते. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी होण्याचा धोका, जास्त झाली तर रक्तस्रावाचा. ॲसिनोकुमेरॉल भारतात १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं. तरीही ‘२ ची अर्धी’ असं लिहून दिलं जातं, कारण जवळच्या दुकानात १ ची गोळी नसते किंवा ती मागवायचा कंटाळा असतो. फिट येऊ नये म्हणून दिलेलं फेनिटॉइन आणि हृदयासाठीचं डिगॉक्सिन यांच्यातही उपाय आणि अपाय यांमधलं अंतर थोडंच असतं.

यापुढचा गट तर मोडूच नये असा. ॲसिडिटीवरच्या पँटोप्राझोलच्या गोळीवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषधाला वाचवतं. गोळी मोडली की औषध आम्लात नासतं आणि आतड्यापर्यंत पुरेसं पोहोचतच नाही. आवरण असलेल्या ॲस्पिरिनचं उलट आहे, तिथं आवरण पोटाचं रक्षण करतं. नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘सीआर’ असलेल्या गोळ्या तासन्‌तास थोडंथोडं औषध सोडतात. त्या फोडल्या तर दिवसभराचं औषध फार लवकर अंगात उतरू शकतं. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची जोडगोळी मधुमेहींच्या घरोघरी असते. तिच्यातलं मेटफॉर्मिन बहुधा सावकाश सुटणाऱ्या थरात असतं, पण दोन रंगांची ती गोळी बघणाऱ्याला हे कळत नाही.

या नियमाला अपवादही आहेत आणि घोळ तिथेच होतो. रक्तदाबावरच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही गोळ्या ‘एक्सएल’ असूनही रेघेवर अर्ध्या करता येतात, कारण त्यांच्यातल्या प्रत्येक बारीक कणाला स्वतःचं आवरण असतं. त्या चावायच्या मात्र नाहीत. म्हणजे नुसती अक्षरं वाचून निर्णय घ्यावा, तर तोही चुकण्याची शक्यता.

मोडणाऱ्या हातांचाही विचार व्हायला हवा. फिनास्टेराइड प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम, तर केसगळतीसाठी १ मिलिग्रॅम देतात. पैसे वाचवायला तरुण मुलं ५ ची गोळी आणून तिचे तुकडे करतात. या औषधाची फुटलेली गोळी गरोदर बाईनं हाताळू नये, कारण गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते. त्याच घरात वहिनी गरोदर असेल आणि ओट्यावरचा भुगा तीच पुसत असेल, तर तिला हे सांगणार कोण?

‘गोळीवर मधे रेघ असली की मोडायला हरकत नाही,’ असा सार्वत्रिक समज आहे. रेघ पुष्कळदा त्यासाठीच असते, पण ती पुरेसा पुरावा नव्हे. युरोपीय औषधकोशात यासाठी चाचणी ठरलेली आहे. ३० गोळ्या हातानं मोडायच्या आणि प्रत्येकीचा एक तुकडा तोलायचा. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर एकापेक्षा जास्त तुकडे जाता कामा नयेत आणि ७५ ते १२५ टक्क्यांबाहेर एकही नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये रेघ असलेल्या गोळ्यांसाठी मार्गदर्शन काढलं. मोडताना वजनाची घट ३ टक्क्यांहून जास्त नसावी आणि निकषांत बसणाऱ्या गोळीच्या माहितीपत्रकात तसं नमूद असावं, असं त्यात म्हटलं आहे. तिथल्या रुग्णाला निदान विचारायला एक जागा आहे.

अशी जागा इथेही करता येईल. औषध नियमांत बदल करून १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड छापणं केंद्र सरकारनं बंधनकारक केलं. त्यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, तारखा आणि परवाना क्रमांक असतो. बनावट औषधं ओळखण्यासाठी हे उपयोगीच आहे. पण गोळी घेणाऱ्याला रोज पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

बाजाराला लहान मात्रा बनवणं जमतच नाही, असंही नाही. क्षयरोग झालेल्या मुलांना वर्षानुवर्षं मोठ्यांच्या गोळ्या तोडून, कुटून दिल्या जात. २०१५ च्या अखेरीस मुलांच्या वजनाला साजेशा, पाण्यात विरघळणाऱ्या, फळाच्या चवीच्या गोळ्या जाहीर झाल्या. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमातही विरघळणाऱ्या गोळ्या आल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं आणि सरकारांनी मागणी लावून धरली, तेव्हा कंपन्यांनी पुरवठा केला.

तोवर काही गोष्टी डॉक्टर आणि मेडिकलवाले आजपासून करू शकतात. चिठ्ठीवर ‘१/२’ लिहिलं तर घाईत ‘१-२’ वाचलं जाऊ शकतं, त्यापेक्षा अक्षरांत ‘अर्धी’ लिहावं. हव्या त्या मात्रेची सबंध गोळी मिळत असेल तर तीच द्यावी. नसेल तर रुग्णाला सांगावं, की महिन्याभराच्या गोळ्या एकदम कापून डबीत भरू नका. आवरणातून निघालेल्या तुकड्याला हवा आणि ओल लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर ती लवकर लागते. एक गोळी मोडावी, तिचे दोन्ही तुकडे संपवावेत, मग दुसरी काढावी.

पण कंपनीनं सांगायची गोष्ट डॉक्टर आणि दुकानदारांच्या आठवणीवर सोडून भागणार नाही. क्यूआर कोडमध्ये ‘अर्धी करता येते’ किंवा ‘मोडू नये’ एवढी एक नोंद वाढवावी आणि ती मराठीसह भारतीय भाषांत दिसावी. पट्टीवर जागा नाही, ही सबब कोड आल्यानंतर उरलेली नाही. सगळ्या औषधांसाठी एकदम जमणार नसेल, तर रक्त पातळ करणाऱ्या, फिटच्या आणि मधुमेहाच्या ‘एसआर’ गोळ्यांपासून सुरुवात करावी.