देवळाली कॅम्प आणि बैठकीचें गाणें

पावसाळा सरतां सरतां देवळालीची हवा पालटूं लागते, आणि दिवाळीनंतर तर ती इतकी आल्हाददायक होते कीं, केवळ ती हवा खाण्यासाठीं मुंबईचे लोक येथें येऊन आठ-पंधरा दिवस राहतात. लॅम रोडवरील बंगले, पारशी, कच्छी व गुजराती मंडळींचीं आरोग्यभवनें ह्या दिवसांत गजबजूं लागतात. हवा आहे, बाजार आहे, राहण्याची सोय आहे. परंतु दिवेलागण झाल्यावर मन रमविण्यासाठीं माणसानें जावें कोठें, ह्या प्रश्नास समाधानकारक उत्तर नाहीं. येत्या हिवाळ्यापासून देवळालींत शास्त्रोक्त गायनवादनाच्या बैठकींचा एक नियमित मोसम सुरू व्हावा, अशी आमची सूचना आहे. ती कां व कोणत्या अटींवर, हें व्यवहारी वाचकांपुढें आज मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रिकाम्या मनाचा परिणाम काय होतो हें शिकण्यास देवळालीकरांस दूर जावें लागत नाहीं. इंग्रजी अमलांत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशीं परतण्यासाठीं येथील छावणींत आगबोटीची वाट पाहत पडून राहत. आगबोटी थंडीच्या मोसमांतच सुटत. त्यामुळें ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपे त्यास काम नाहीं, करमणूक नाहीं, अशा स्थितींत महिनेच्या महिने काढावे लागत. त्यांपैकीं कित्येकांचीं डोकीं फिरलीं, आणि इंग्रजी भाषेंत 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग रूढ झाला. 'डूलाली' म्हणजे आमची देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे आमचाच 'ताप'! जगाच्या शब्दकोशांत आमच्या गांवाचें नांव आहे तें वेडाचा पर्याय म्हणून. तें पुसून टाकणें आमच्या हातीं नाहीं. त्याच्या शेजारीं एखादें बरें नांव लिहिणें मात्र हातीं आहे.

बरें, ह्या बाजूस गायनविद्येचा वारसा नाहीं असेंही नाहीं. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनीं १९०१ सालच्या मे महिन्यांत लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें, आणि संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत व घराण्यांच्या कुलुपांत अडकलेली विद्या चारचौघांच्या मुलामुलींपुढें आणून ठेविली. त्यांच्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें नाशिकास पंचवटींतील रामनाम आधार आश्रमांत गेलीं. पुढें १९३१ सालीं त्यांच्या शिष्यांनीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें, आणि त्याच्या परीक्षा आज गांवोगांव होतात. परंतु ह्यांतून एक विपरीत गोष्ट घडून आली आहे. गाण्याची परीक्षा देणारे पुष्कळ झाले, आणि गाणें ऐकणारे थोडे राहिले. ज्या मुलीनें पांच परीक्षा दिल्या तिनें समोर बसून पुरता एक ख्याल ऐकलेला नसावा, ही स्थिति पोहण्याचीं पुस्तकें पाठ करून नदी न पाहिलेल्या मनुष्यासारखी आहे.

योगायोग असा कीं, त्याच १९०१ सालच्या त्याच मे महिन्यांत लंडन शहरीं बेखस्टाइन ह्या पियानो बनविणाऱ्या जर्मन पेढीनें सुमारें साडेपांचशें श्रोत्यांचें एक लहान सभागृह उघडलें. पहिल्या महायुद्धांत शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारनें तें जप्त करून विकलें. तथापि १९१७ सालीं तेंच सभागृह विग्मोर हॉल ह्या नांवानें पुन्हां उघडलें, आणि दिवाणखान्यांतील संगीताचें तें आजही एक मुख्य पीठ समजलें जातें. उलट पंडितजींनीं मुंबईंत विद्यालयासाठीं उभारलेली इमारत मात्र कर्जापायीं लिलांवांत गेली. पंडितजींची तपश्चर्या कोणाहून उणी होती असें कोणीही म्हणणार नाहीं. एका थोर पुरुषाच्या खांद्यावर सारा भार टाकून समाज मोकळा झाला कीं काय होतें, तें ह्यावरून दिसतें. इमारत आधीं आणि श्रोते मागाहून, हा क्रम उलटा आहे. आम्हांस इमारत नको. आम्हांस आधीं दीडशें श्रोते हवे आहेत.

येथें कोणी म्हणेल कीं, पुण्यास १९५३ सालापासून सवाई गंधर्व महोत्सव होतो, तेथें सहस्रावधि लोक बसतात. ज्यास आवड आहे त्यानें तेथें जावें. महोत्सवाबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु जत्रा आणि रोजची पूजा ह्या निराळ्या गोष्टी आहेत. बैठकींत गाणारा श्रोत्यांचे चेहरे पाहतो. समेवर येणारी दाद ऐकून पुढची जागा घेतो. तंबोऱ्यांची आस कानांस थेट मिळते. यूरोपांतही चार वाद्यांचें संगीत मुळांत सरदारांच्या दालनांतलेंच होतें. इग्नात्स शुपानत्सिग ह्या व्हायोलिनवादकानें १८०४-०५ च्या हिवाळ्यांत व्हिएन्ना येथें वर्गणीदारांसाठीं अशा मैफली सुरू केल्या, आणि सरदाराची मर्जी जाऊन त्या जागीं नागरिकाची वर्गणी आली. आमच्या बैठकीसही हाच मार्ग आहे. राजे गेले, त्यांच्या जागीं वर्गणीदार आले पाहिजेत. नाहीं तर पुरस्कर्त्यांच्या जाहिरातींचे पडदे येतात, आणि गाणें त्या पडद्यांपुढची सजावट होऊन बसतें.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे, आणि ती आमच्या व्यवसायांतली असल्यामुळें थोडी विस्तारानें सांगतों. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वयें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्या जागीं ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. राज्य सरकारास वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते. नियम योग्य आहे. आजारी माणसाच्या व अभ्यास करणाऱ्या मुलाच्या झोपेचें रक्षण झालेंच पाहिजे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला आहे कीं, दरबारी, मालकंस, अडाणा हे उत्तर रात्रीचे राग बेघर झाले आहेत. दहाच्या ठोक्यास मोठा मंडप रिकामा होतो, आणि हे राग गाण्याची वेळ होते तेव्हां श्रोते गाड्या काढीत असतात. ह्यावर उपाय कायदा मोडणें हा नव्हे. ध्वनिक्षेपकच न लावणें हा आहे. बंद दालनांत, दीडशें माणसांपुढें, नुसत्या गळ्यानें व दोन तंबोऱ्यांनीं चाललेल्या बैठकीस ध्वनिक्षेपकाचा नियम आडवा येत नाहीं. शेजाऱ्यास उपद्रव न होईल एवढी दक्षता मात्र घ्यावी. अर्थात् रात्रीचें गाणें वांचवावयाचें असेल तर तें लहान बैठकींतच वांचेल.

आतां पैशाचा प्रश्न. व्यापारी वाचकांस आंकड्यांवांचून बोललेलें आवडत नाहीं, व तें रास्तच आहे. दीडशें सभासद धरूं व मोसमाची वर्गणी माणशीं दोन हजार रुपये धरूं. एकूण तीन लाख होतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर दर तिसऱ्या आठवड्यास एक, अशा सहा बैठकी धरिल्या, तर प्रत्येकीस पन्नास हजार येतात. त्यांतून मुख्य कलावंताची व दोघां साथीदारांची बिदागी, तंबोऱ्यावर बसणारे, प्रवास, मुक्काम, चहा व सतरंज्या एवढें भागवावयाचें आहे. अतिशय नामांकित गवयाची बिदागी ह्यांत बसणार नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. परंतु तालीम घेऊन तयार झालेले व मोठ्या मंडपांत संधि न मिळणारे तिशी-चाळिशींतले गुणी लोक महाराष्ट्रांत थोडे नाहींत. त्यांस अशीच बैठक हवी असते. सभासदास एका बैठकीस पडणारा खर्च साडेतीनशें रुपयांहूनही कमी आहे. एवढ्यांत उपाहारगृहांत दोघांचें साधें जेवण कसेंबसें होतें. विद्यार्थ्यांस निम्म्या वर्गणींत घ्यावें. जागा आरोग्यभवनांच्या विश्वस्तांनीं आपल्या दिवाणखान्यांपैकीं एखादी नाममात्र भाड्यानें द्यावी; कर्ज एका पैचेंही काढूं नये.

पैशापेक्षां अधिक महत्त्वाच्या अशा कांहीं अटी आहेत. पहिली अट, सत्कार नको. एका शहरांतील मैफलीस आम्ही गेलों होतों. वेळ सहाची होती. दीपप्रज्वलन, स्वागत, सात पाहुण्यांस शाल-श्रीफळ व तीन भाषणें होईतों पावणेआठ वाजले, आणि सभागृह नऊला रिकामें करावयाचें होतें! गायिका बिचारी दीड तास पडद्यामागें तंबोरे पुन्हां पुन्हां जुळवीत बसली, आणि ज्या ख्यालासाठीं लोक आले होते तो तिनें पंचवीस मिनिटांत गुंडाळला. जिच्यासाठीं सभा भरली तिलाच सर्वांत कमी वेळ! दुसरी अट, फुकट आमंत्रणें नकोत. पुढच्या रांगा अधिकारी व पुढारी ह्यांच्यासाठीं राखून ठेवण्याची चाल मोडली पाहिजे. जो आधीं येईल तो पुढें बसेल. तिसरी अट, साथीदारांचें नांव पत्रिकेंत मुख्य कलावंताच्या नांवाबरोबर छापावें, व त्यांची बिदागी आधीं ठरवून त्याच रात्रीं त्यांच्या हातांत द्यावी. चौथी अट, संस्था रीतसर नोंदवावी व मोसमाच्या अखेरीस तपासलेला हिशेब सभासदांपुढें ठेवावा.

पांचवी अट मनाची आहे. बैठक ही बड्या लोकांची चैन आहे, असा आक्षेप सुधारकांकडूनच येण्याचा संभव आहे, व मागील इतिहास पाहतां तो निराधार नाहीं. ज्या कलावंतिणींच्या घरांनीं ही विद्या पिढ्यान् पिढ्या जतन केली, त्यांचें गाणें प्रतिष्ठितांस हवें होतें, पण त्यांचा शेजार नको होता. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर ह्या दोघी गोमंतकांतून आल्या, उस्ताद अल्लादिया खां ह्यांच्यापाशीं शिकल्या, आणि आज सारा महाराष्ट्र त्यांचें नांव अभिमानानें घेतो. एका मुसलमान उस्तादानें उपेक्षित समाजांतल्या मुलींस दिलेली विद्या ही आमची राष्ट्रीय संपत्ति ठरली, ह्याहून बोलका दाखला कोणता हवा? पंडित विष्णु नारायण भातखंडे १८८७ सालीं वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले, पण अशील सोडून उस्तादांच्या दारोदार चिजा मागत हिंडले. तेथें त्यांनीं जात किंवा धर्म विचारला नाहीं. तेव्हां सतरंजीवर कोण बसतो, ह्याचीही पृच्छा होतां कामा नये. छावणींतील जवानाचें कुटुंब, बाजारपेठेंतील दुकानदार, भगूरचा शेतकरी व मुंबईहून हवेसाठीं आलेली पारशी आजी, हीं सर्व एका सतरंजीवर बसलीं तरच हा मोसम देवळालीचा म्हणावयाचा.

शेवटचा आक्षेप आळसाचा आहे. हातांतल्या यंत्रावर जगांतील वाटेल तें गाणें फुकट ऐकूं येतें, मग थंडींत उठून जावें कशाला, असें तरुण विचारतात. यंत्रांत ऐकूं येतें तें झालेलें गाणें. बैठकींत होतें तें होणारें गाणें, आणि तें होण्यांत ऐकणाराचाही वांटा असतो. श्रोता उठून गेला कीं गवयाची विद्या हळूहळू आटते, आणि त्याच्या मागून मिरजेचे तंबोरे करणारे कारागीरही जातात. २०२४ सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन मिळालें ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनानें तंबोरा वाजत नाहीं, तो वाजविण्यास बैठक लागते.

हें काम सरकारचें नव्हे, छावणी मंडळाचेंही नव्हे. तें दीडशें गृहस्थांचें व गृहिणींचें आहे. दुकानाच्या वहींत दिवाळीच्या पाडव्यास नवें खातें उघडण्याची आमच्या व्यापाऱ्यांची चाल आहे. येत्या पाडव्यास प्रत्येकानें त्या वहींत दोन हजारांची एक रक्कम बैठकीच्या नांवें मांडावी. नफ्यातोट्याचा हिशेब फाल्गुनांत पाहूं. दीडशें नांवें जमलीं नाहींत तर मोसम होणार नाहीं, व तो दोष गवयांचा नसेल.