खलनायकाने मागितलेला हिशेब

व्हिडिओ गेमवर गंभीरपणे बोलणाऱ्यांचं एक लाडकं मत आहे: उत्तम खलनायक म्हणजे नायकाचा आरसा. शेवटच्या लढाईआधी तो तलवार टेकवून सुनावतो, ‘तू आणि मी वेगळे नाही, तुझेही हात माखलेले आहेत.’ खेळणारा घटकाभर चपापतो, मग बटणं बडवून त्याला लोळवतो आणि श्रेयनामावली बघत बसतो. या घटकाभराच्या चपापण्याला हल्ली नैतिक खोली म्हणायची पद्धत पडली आहे. ही खोली घोट्याएवढीच आहे, असं माझं म्हणणं आहे.

पूर्वपक्षाला त्याचं सगळ्यात बळकट उदाहरण आधी देऊन टाकू. १९९७ साली स्क्वेअर या जपानी कंपनीने प्लेस्टेशनवर ‘फायनल फँटसी सेव्हन’ आणला. त्यात शिनरा नावाची बलाढ्य कंपनी जमिनीतून ‘माको’ उपसून वीज करते आणि ग्रहाचा प्राण आटवत नेते. नायक क्लाउड, खलनायक सेफिरॉथ. क्लाउडला पोरवयापासून सेफिरॉथसारखं व्हायचं होतं. दोघांच्या अंगात जेनोवा या परक्या जीवाच्या पेशी आहेत आणि निबेलहाइम हे जळालेलं गाव दोघांचीही पाठ सोडत नाही. प्रतिबिंब इतकं रेखीव, की समीक्षकांना दुसरीकडे पाहायची गरजच वाटली नाही.

पण नुसत्या साम्याने काही साधत असतं, तर जगातला सर्वांत नैतिक खेळ ‘बीजीएमआय’ ठरला असता. २०२० च्या सप्टेंबरात पबजी मोबाइलवर बंदी आली, पुढच्या वर्षी तोच खेळ नवं नाव लावून परतला. गडचिरोलीत जिथे मोबाइलचा टॉवर पोचला तिथे हाही पोचला. विमानातून शंभर जण उडी मारतात. प्रत्येकासाठी त्याच बंदुका, त्याच पाठपिशव्या, तेच आकसत जाणारं मैदान. इथे खलनायक एकही नाही, आरसे मात्र नव्याण्णव. त्यांतल्या एकानेही आजवर कुणाला प्रश्न विचारलेला नाही. समोरचा माझ्यासारखाच आहे, हे कळल्याने बोट चापावरून निघत नाही.

आता तोच जपानी खेळ सूरजागडकडे तोंड करून पाहू. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर. पोटात उंची लोहखनिज, माथ्यावर ठाकुरदेव. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि सूरजागड इलाक्यातल्या गावांचे माडिया-गोंड लोक येतात. १८५८ साली चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाके यांचं नावही याच मुलखाशी जोडलेलं. लॉइड्स मेटल्सला इथला खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनी कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यासह तिघांना मारलं. २०१६ च्या डिसेंबरात त्यांनी खनिजाच्या ट्रकांची रांगच्या रांग पेटवली. २०२१ पासून मात्र खाण जोरात आहे आणि कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे.

एवढं डोळ्यांपुढे ठेवलं, की सेफिरॉथ आपोआप मागे सरकतो. पुढे येतो तो बॅरेट, म्हणजे क्लाउड ज्या बंडखोर टोळीत भाडोत्री शिपाई म्हणून शिरतो तिचा म्होरक्या. बॅरेट कोरेलचा, कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या गावचा. शिनराने तिथे माकोचा रिअ‍ॅक्टर बांधायचा प्रस्ताव आणला तेव्हा गाव जमलं. कोळशाचे दिवस सरले, आता आपलं भलं होईल, असं आग्रहाने मांडणारा बॅरेटच होता. नको म्हणाला तो त्याचा जिवलग मित्र डाइन, एकटा. रिअ‍ॅक्टर झाला. मग एक दिवस त्यात स्फोट झाला, शिनराने ठपका कोरेलवर ठेवला आणि गाव जाळलं. पळताना कड्यावरून लोंबकळणाऱ्या डाइनचा डावा हात बॅरेटने उजव्या हाताने धरून ठेवला होता. सैनिकांच्या गोळ्यांनी ते दोन्ही हात निकामी झाले. पुढे बॅरेटने उजव्या हाताच्या जागी बंदूक बसवून घेतली, डाइनने डाव्या.

काही वर्षांनी ते भेटतात ते जुगार-करमणुकीच्या झगमगाटाखालच्या वाळवंटी तुरुंगात. डाइन दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडणारा माणूस झाला आहे. लढाईच्या वेळी खेळ क्लाउडला बाजूला ठेवतो आणि एकट्या बॅरेटला आपल्या हाती देतो. आरसा म्हणाल तर याहून चांगला सापडणार नाही, उजव्याचं डावंसुद्धा झालं आहे. तरी ते दोघे एकसारखे नाहीत, आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. एकाने हो म्हटलं, दुसऱ्याने नाही. नाही म्हणणारा रिअ‍ॅक्टरबाबत पूर्ण बरोबर होता आणि त्यानंतर केलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत चूक. हो म्हणणारा तेव्हा चुकला, आणि आज त्याच कंपनीविरुद्ध तो बॉम्ब लावतो आहे. ‘आपण दोघे सारखेच’ हे वाक्य इथे कुणी उच्चारलं असतं तर सगळा प्रसंग फुकट गेला असता.

कुणी म्हणेल, सूरजागड म्हणजे कोरेल नव्हे. कबूल. कोरेल मुळातच खाणीचं गाव होतं. सूरजागड इलाक्याची गावं शेती, मोहफूल आणि तेंदूपत्त्यावर जगत आली. इथे कंपनीने गावं जाळलेली नाहीत. तिने रोजगार दिला, कामगारांना शेअरही दिले, आणि बंदुका सोडून आलेल्यांना कामावर घेतलं. दुसरीकडे ठाकुरदेवाच्या डोंगरावर खाण नको म्हणणाऱ्या ग्रामसभाही खऱ्या, लाल धुळीने माखलेला आलापल्ली-एटापल्ली रस्ताही खरा. मी इथे शिनरा कोण आणि डाइन कोण अशी खूण करत नाही. तसली कोडी सोडवणाऱ्यांना खेळही कळत नाही आणि जिल्हाही. एका गावात दोन जण एका प्रश्नाला दोन उत्तरं देतात आणि त्या उत्तरांची किंमत दोघांनाही वेगवेगळी मोजावी लागते, एवढंच साम्य मला हवं आहे.

आरशाच्या सिद्धान्ताचा एक सख्खा भाऊ पुण्या-नागपुरात फार मान्यता पावलेला आहे: ‘दोन बंदुकांच्या कात्रीत आदिवासी’. वरवर तो करुणेचा वाटतो. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या सी-६० पथकातले जवान आणि नक्षलवाद्यांच्या दलममधली पोरं बऱ्याचदा एकाच मुलखातली, एकाच बोलीतली, हे सत्यच आहे. पण त्यावरून दोन्हीकडे सारखंच, असं म्हणून सुस्कारा सोडला की पुढचं काही विचारावंच लागत नाही. कोणी काय केलं, कुणाच्या हुकमावरून, कोण मेलं, खनिज कुठे गेलं, ग्रामसभेने ठराव काय केला होता? हे सगळे प्रश्न त्या सुस्काऱ्यात विरून जातात. शिवाय कात्रीतल्या माणसाला स्वतःचं मत असतं हेही विसरलं जातं. धानोरा तालुक्यातल्या परसवाडीत दसऱ्याला रावणाची पूजा होते. तिथले गोंड आम्ही रामाचा आरसा पुजतो असं म्हणत नाहीत, आमचा राजा पुजतो असं म्हणतात.

मग खलनायकाच्या गोटाने नायकाला आव्हान द्यायचं कसं? याच खेळात उत्तर आहे, आणि ते फारसं कुणी वाखाणत नाही. टोळीत केट सिथ नावाचं एक बोलकं मांजर असतं. ते दुरून चालवणारा रीव हा शिनराच्या नगररचना खात्याचा प्रमुख, म्हणजे सरळसरळ हेर. शिनराने टोळी चिरडण्यासाठी एका अख्ख्या वस्तीवर तिच्या डोक्यावरचं शहरच पाडलेलं असतं. ते आठवून बॅरेट कंपनीवर तोंडसुख घेतो, तेव्हा रीव त्याला उलट विचारतो: तुम्ही पहिला रिअ‍ॅक्टर उडवलात तेव्हा किती माणसं मेली? ग्रहासाठी थोडेफार बळी जाणारच, असं काहीतरी बॅरेट पुटपुटतो. तुझ्या लेखी थोडे असतील, मेलेल्यांचं तर सगळंच गेलं, असं रीव त्याला ऐकवतो. विचारणाऱ्याचे हात स्वच्छ नाहीत, त्याची बाजू न्यायाची नाही, आणि तरीही प्रश्न परतवता येत नाही. तो बॉम्ब मीच लावलेला असतो, खेळाच्या पहिल्या तासाभरात, संगीताच्या तालावर, मजेत.

खलनायकाकडून मला हवा तो हिशेब असा. तो माझ्यासारखा दिसायला नको. मी काय केलं ते त्याला माहीत हवं.

याच खेळाच्या २०२० च्या नव्या आवृत्तीवर माझा राग आहे तो यासाठीच. चित्रं डोळे दिपवणारी. स्फोटानंतरचे रस्ते, जखमी, भेदरलेली माणसं सगळं सविस्तर दाखवलं आहे. पण त्यात टोळीचा बॉम्ब पुरेसा पडत नाही. शिनराच आपली यंत्रं लावून रिअ‍ॅक्टर उडवते आणि आळ टोळीवर घालते. बॅरेट निर्दोष, मीही निर्दोष. रक्तपात वाढवला आणि खेळणाऱ्याला मात्र जामीन देऊन टाकला. आरशाची बाजू घेणाऱ्यांनी या बदलावर फारशी हरकत घेतली नाही, कारण त्यांचा सेफिरॉथ शाबूत होता.

आपल्याकडेही खेळ बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, देखणा, मेहनतीचा. खलनायक महाबलासुर, नायिका राजीच्या धाकट्या भावाला पळवणारा असुर. त्याला मारताना राजीला काही आठवावं लागत नाही. उद्या अशाच एखाद्या स्टुडिओने गडचिरोलीवर खेळ करायचा ठरवला, तर सिगार ओढणारा मालक किंवा लाल पट्टी बांधलेला कमांडर शोधत बसू नये. पहिल्याच प्रकरणात खेळणाऱ्याला ग्रामसभेत बसवावं आणि हात वर करायला लावावा, हो किंवा नाही. पुढे वीस तास त्याला हवं तितकं लढू द्यावं. आणि मग विरुद्ध बाजूच्या एखाद्या साध्या कारकुनाला इतिवृत्ताची वही घेऊन त्याच्यासमोर बसवावं, त्याने हात कशासाठी वर केला होता ते तारखेनिशी वाचायला.